चिठ्ठीवर नाव नसतं

"मावशी, आज तरी चष्मा आणलात का?" चिमणीने विचारलं.

"विसरले बघ."

"दर गुरुवारी? डोकं तरी आठवणीने आणता ना?"

बेकरीवाली फिसकन हसली. बाईंनी नुसतं बघितलं, तसं तिने हसू गिळलं.

चर्चच्या मागची खोली. एक लांब टेबल, सात खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. भिंतीवर बायबलमधल्या वचनांची कार्डं, सगळी बाईंनी हाताने लिहिलेली. बाई शाळेतून रिटायर झाल्या होत्या, पण अक्षर अजून छापल्यासारखं. बायकांचा शास्त्राभ्यास त्याच चालवायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पोस्टमन सोडला तर त्यांची बेल कुणी वाजवत नसे.

वाचन खुर्च्यांच्या क्रमाने चालायचं, प्रत्येकीला चार ओळी. मावशीची पाळी आली.

"तिचं मी वाचते," बाई म्हणाल्या आणि वाचूनही टाकलं.

मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्री करायची. चादर बघून वॉर्ड ओळखायची, डाग बघून आजार. अक्षर मात्र एकही ओळखू येत नव्हतं. हे फक्त बाईंना माहीत होतं.

"एकदा दुकानात या ना," चिमणी तिच्या कानाशी कुजबुजली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. "फुकटात नंबर काढून देते. मालक जेवायला गेला की."

मावशीला जायचं होतं. फार जायचं होतं. ती पोर हनुवटी धरणार, चार बोटांवरून डोळ्यांत बघणार. पण समोर अक्षरांचा तो तक्ता असणार. मग काय बोलणार, कपाळ?

चार महिन्यांपूर्वी चिमणी पहिल्यांदा इथे आली, तेव्हा हसत हसत बोलून गेली होती. "माझा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच. एकोणतीस फेब्रुवारी. त्या दिवशी पहाटे अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडले मी. पावाच्या क्रेटमध्ये."

"माझ्याकडे बघू नकोस हं," बेकरीवाली लगेच म्हणाली होती. "आमचे क्रेट मोजलेले असतात."

सगळ्या हसल्या होत्या. मावशीच्या हातातला चहा बशीत सांडला होता. तेव्हापासून तिने एक गुरुवार चुकवला नव्हता. अंगात ताप असतानाही नाही.

या बायकांची एक पद्धत होती. प्रत्येकीने मनातलं मागणं चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या टोपलीत टाकायच्या, प्रत्येकीने एक उचलायची आणि आठवडाभर त्या मागण्यासाठी प्रार्थना करायची. पुढच्या गुरुवारी ती फाडून परत टोपलीत. कुणाची, कुणाकडे गेली, विचारायचं नाही.

मावशी आजवर कोरी चिठ्ठी टाकायची. देवाला वाचता येतं, असं म्हणायची मनात.

गेल्या गुरुवारी मात्र ती सगळ्यांच्या आधी आली होती. "बाई, माझी लिहून द्याल?"

बाईंनी लिहिलं. तिसऱ्या ओळीला पेन थांबलं. "ती कोण, तुला ठाऊक आहे?"

"समोरच तर बसते, बाई. आता सांगूनच टाकते तिला."

बाई बराच वेळ पेनाचं टोपण फिरवत राहिल्या. "घाई करू नकोस. पोरगी बिथरली तर यायचीच बंद होईल. आठवडाभर थांब. मला प्रार्थना करू दे."

मावशी थांबली होती. आज आठवडा भरला होता. आज तिने स्वतःच्या कपड्यांना इस्त्री केली होती. दुसऱ्यांच्या कपड्यांतून हात कधी मोकळा होतच नसे.

अभ्यास संपला. टोपली फिरली. बेकरीवालीने टरकन चिठ्ठी फाडली. मावशीनेही तिच्याकडची फाडली; वाचता येत नसल्याने आठवडाभर ती नुसतं 'हिचं भलं कर' म्हणत राहिली होती. टोपली चिमणीपाशी आली आणि थांबली.

"मी नाही फाडणार," चिमणी म्हणाली.

"अगं, नियम आहे," बेकरीवाली म्हणाली.

"खड्ड्यात गेला नियम!"

तिने चिठ्ठी उलगडली. कागद घामाने मऊ पडला होता.

"'एकोणतीस फेब्रुवारीला मी माझी मुलगी आश्रमाच्या पायरीवर ठेवली. थंडी होती म्हणून अंगातला स्वेटर काढून खाली घातला. ती आता दर गुरुवारी डोळ्यांसमोर असते. तिने एकदा मला आई म्हणावं.'" तिने मान वर केली. "स्वेटरचं मी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणालाच! आठ दिवस झोपले नाहीये मी."

बेकरीवालीने टोपली बाजूला सरकवली.

चिमणीने चिठ्ठी भिंतीवरच्या कार्डाशेजारी धरली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग वळली.

"हे तुमचं अक्षर आहे, बाई."

मावशी खुर्चीतून अर्धी उठली होती. छातीवरचा दगड उतरला होता. बरंच झालं. आपल्या तोंडून शब्दच फुटला नसता. आता बाई सांगतील.

"बोला ना," चिमणी म्हणाली. रागावली होती, रडत होती, लहान पोरीसारखी हट्टाला पेटली होती. "मी भांडायला नाही आले. मला फक्त कळू दे."

बाईंनी एकदाच मावशीकडे पाहिलं. मग उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि चिमणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"मीच गं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं तुझी वाट बघतेय."