विचारलंय तेवढंच

"बर्गनला एवढा पाऊस का पडतो? भौगोलिक कारणे सांग," व्हिडिओ कॉलवर बाबांनी माझ्या लेकीला विचारलं.

"मला पाऊस आवडतो, आजोबा. बदकं अंगणात येतात. एकदा तर…"

"विचारलंय तेवढंच सांग!"

"आमच्या बाई म्हणतात, आणखी सांग."

"शाळा आहे की माहेरपण?" बाबा हसले. तीस वर्षं सांगलीत भूगोल शिकवलेल्या बाबांना घरबसल्या नॉर्वे पाठ होता. डोंगर, वारे, उष्ण प्रवाह, सगळं. मग माझी पाळी आली. "तापमान?" मी त्यांच्याच वर्गात शिकलेली. मी म्हणाले, "चार अंश." त्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी ते झोपेतच गेले. मी पोहोचेपर्यंत त्यांना बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. केव्हा निघालीस, किती तास लागले, लोक विचारत होते. मी नेमकी उत्तरं देत होते.

"सर नेहमी सांगायचे, लेकीचं तिकडे उत्तम चाललंय," शेजारचे काका म्हणाले.

मी पेटीवरचं धुकं हाताने पुसलं.

"बाबा," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मला तिथे एक दिवससुद्धा करमलेलं नाही."