पावण्यात व्यवहार नको

जिन्यात थांबून संयोगितानं सासऱ्यांच्या तळहातावर तंबाखूची पुडी ठेवली. गेली चार वर्षं याच पुडीवरून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. आज टपरीवर जाऊन तिनं ती स्वतः आणली होती.

"भरा तोंड," ती म्हणाली. "आणि परत खाली उतरेपर्यंत थुंकायचं न्हाई."

बाळासोंनी सुनेकडं देव भेटल्यागत बघितलं. "सगळी?"

"सगळी. पाच फ्लॅट गेले मामा तुमच्या तोंडापायी. महिनाअखेर खोल्या सोडायच्यात. मालक रोज सकाळी टेप घेऊन येतोय आणि आमच्या पलंगाखालची फरशी मोजून जातोय."

ती पाचही घरं तिला पसंत होती. पाचही ठिकाणी बाळासोंनी बूड टेकायच्या आत 'गाव कुठलं म्हणायचं पावणं?' असं विचारलं आणि चहा यायच्या आत नातं काढलं. नातं निघालं की विकणारा आधी गळ्यात पडायचा आणि मग हात जोडायचा. पावण्यात व्यवहार नको. उद्या नळ गळला तर लग्नाकार्यात तोंडं चुकवायची पाळी.

'रविवारी अकरा ते दोन फ्लॅट बघायला खुला' असा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज होता, आणि दार खरंच उघडं होतं. विकणारे अमरसिंहराव लेकीकडं पुण्याला कायमचे चालले होते. आत एक पार्टी बेडरूमच्या भिंतीवर टिचक्या मारत होती. दुसरी संडासाचा फ्लश पुन्हा पुन्हा ओढून बघत होती.

संयोगिता थेट स्वयंपाकघरात गेली. ओटा वितीनं मोजला. खिडकी पूर्वेला होती आणि नवऱ्याची, म्हणजे राजवीरची, कागलच्या कंपनीची बस थांबते तो कोपरा तिच्यातनं दिसत होता. मिक्सर कुठं ठेवायचा तेही तिनं ठरवून टाकलं.

ती हॉलमध्ये आली तेव्हा अमरसिंहराव राजवीरला विचारत होते, "गाव कुठलं म्हणायचं?"

"कोल्हापूर," राजवीर पाठ केल्यासारखा म्हणाला.

"व्हय, पण मूळ?"

"मूळ बी कोल्हापूरच."

"त्याच्या आदी?"

"आधी नुसती पंचगंगा होती," संयोगिता म्हणाली.

अमरसिंहराव खूश होऊन हसले. मग त्यांचं लक्ष गाल फुगवून बसलेल्या बाळासोंकडं गेलं. "बाबा काय बोलत न्हाईत व्हय?"

"मौन हाय त्यांचं."

"कधीपास्नं?"

"जिन्यापास्नं," राजवीर म्हणाला.

संयोगितानं नवऱ्याकडं बघितलं. तंबाखू थोडी त्यालाही द्यायला हवी होती.

पण काम जमलं. "माणसं बरी दिसताय तुमी," अमरसिंहराव म्हणाले. "त्या दोन पार्ट्यांस्नी सांगतो, फ्लॅट गेला म्हणून." त्यांनी आतनं पेढ्यांचा बॉक्स मागवला, एक पेढा उचलला आणि सहज बोलून गेले, "पुण्याला जायच्या आदी एकदा बहिणीला भेटून यायला पायजे. साळवणला दिलीया तिला."

बाळासोंच्या गळ्याची घाटी वर गेली. मग खाली आली. अख्खी पुडी पोटात गेली.

"साळवण?" ते म्हणाले. "गगनबावड्याच्या वाटंवरचं? संपतरावांची थोरली सून तर नव्हं?"

"तीच की! तुमी कसं वळकता?"

"आवो, आमच्या मावसभावाच्या मेव्हण्याची चुलती ती!"

अमरसिंहरावांनी बाळासोंना उठवून कडकडून मिठी मारली. मग हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

"मग कसं जमायचं?" ते हळहळून म्हणाले. "पावण्यात व्यवहार नको. उद्या भिंतीला ओल आली तर तुमी आमच्या घरच्या बारशाला यायचा न्हाई."

"ओल आली तरी येऊ," संयोगिता म्हणाली. "स्टँपवर लिहून देतो."

"आसंच म्हणतात सगळी. पर आता जेवल्याबिगर सोडत न्हाई."

बाळासोंना गरगरायला लागलं होतं. त्यांना सोफ्यावर आडवं केलं, डोक्याखाली उशी दिली, लिंबू सरबत पाजलं. राजवीरला दही आणायला पिटाळलं. अमरसिंहरावांच्या मंडळींनी, क्रांतीकाकूंनी, संयोगिताच्या हातात पिठाचा डबा दिला. "मटण शिजत आलंय बघ. तू आता घरचीच की गं. भाकऱ्या टाक."

पूर्वेच्या खिडकीपाशी उभी राहून संयोगिता भाकऱ्या थापायला लागली. भाकरीला लागतो त्यापेक्षा जोर जरा जास्तच होता.

चौथ्या भाकरीला मागं कुणीतरी आलं. नवी पार्टी होती. बाई ओट्यावरनं हात फिरवत होती.

"किती फूट वो?"

"नऊ."

"पाणी?"

"दोन्ही टायमाला."

बाई खिडकीशी जाऊन उभी राहिली. "आठ महिनं झालं हिंडतोय," ती म्हणाली. "आज ठरलंच बघा आमचं." मग तिला राहवेना. "एवढं झ्याक घर विकताय कशापायी?"

संयोगितानं भाकरी उलटली. "मिस्टर कुठं हायत तुमचे?"

"भाईर. ते सोफ्यावर आजोबा निजल्यात न्हवं, त्यांच्यापाशी बसल्यात. लय प्रेमळ हायत वो! पडल्या पडल्या आमचं गाव इचारत हुते."

संयोगितानं गॅस बारीक केला.

"मग जेवूनच जावा," ती म्हणाली आणि मांडणीवरनं आणखी दोन ताटं काढली.