बिघडलेला कन्सोल

"बिघडलाय हो तुमचा कन्सोल!" पल्लवीताई देवरेंनी खोकं काउंटरवर आदळलं. "मी चक्क हरले!"

शलाकाने कपाळाला हात लावला. तिच्या छोट्याशा कंपनीचा माल याच तक्रारीपायी परत येत होता. बड्या कंपन्यांचे व्हिडिओ गेमचे कन्सोल खेळणाऱ्याचं मन वाचायचे आणि तो हिरमुसायच्या आत त्याला जिंकवून टाकायचे. दोघं खेळले तर दोघंही जिंकायचे. हरणं म्हणजे काय, हे सगळं नाशिक विसरून गेलं होतं. मन न वाचणारा कन्सोल बनवण्याचं खूळ एकट्या शलाकाचं.

"पैसे परत देते, ताई. पण आधी दुकानातल्या कन्सोलवर माझ्याशी लगोरीचा एक डाव?"

ताई हरल्या. त्यांचे कान लालबुंद झाले. "पुन्हा!"

पुन्हा हरल्या. मग त्यांनी ओढणी कमरेला बांधली. नेम सुधारू लागला, तसा शलाकालाच घाम फुटला. मुद्दाम हरणाऱ्यांतली ती नव्हती. पडद्यावर शेवटची ठिकरी उरली. शलाकाचा चेंडू सणसणत ताईंच्या खेळाडूच्या पाठीत बसणार, तोच ठिकरी जागेवर बसली.

"लगोऽऽरी!"

ती आरोळी ऐकून शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं धावत आली. ताई जागच्या जागी उड्या मारत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. दम खात त्यांनी खोकं पुन्हा काखोटीला मारलं.

"असाच बिघडलेला अजून एक आहे का हो? आमच्या जाऊबाई अजून कध्धी हरलेल्या नाहीत!"