दगडाचं बोट

तेंदूची पानं तोडून मिळालेल्या पैशातून कलाबाईनं अहेरीच्या बाजारात पहिला मोबाईल घेतला. दुकानदार धनराजनं 'स्वस्त अन् मस्त' म्हणत तो तिच्या गळ्यात मारला होता. पण त्याचा पडदा तिच्या बोटाला काही केल्या दाद देईना. आठ दिवस ती त्याच्याशी झगडली आणि पुढच्या बाजाराला येऊन तिनं तो धनराजच्या काउंटरवर आपटला.

धनराजनं आपलं मऊ बोट फिरवलं. पडदा झटकन सरकला.

"मोबाईल एकदम ओके हाये, बाई. तुमचं बोटच खराब हाये. पानं तोडून तोडून दगड झाला त्याचा. महागाचा घेतला तरी चालणार नाई."

दुकानातली माणसं हसली. कलाबाईची कानशिलं तापली. उन्हाळाभर याच बोटांनी तिनं पानांचे पुडके बांधले होते, तेव्हा कोणाला ती खराब दिसली नव्हती.

तेवढ्यात काउंटरवर ठेवलेला धनराजचा स्वतःचा महागडा मोबाईल वाजला. त्याचा हात पोचायच्या आत तिनं त्यावर तेच बोट फिरवलं.

"हॅलो, धनराजभाऊ?" आतून आवाज आला.



कलाबाईनं मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. "घ्या भाऊ, बोला. याच दगडानं उचलला."