चासीवरची पुट्टी

“तिथला रंग खरवडू नगंस,” तात्या गॅरेजच्या दारातनं म्हणाले.

सातापा हसला. तात्यांच्या जुन्या मालकांच्या मुलानं अपघातानंतर बंगल्यातच वर्षानुवर्षं उभी असलेली ही जुनी मोटार पुढचं नवं सस्पेन्शन बसवायला आणली होती. त्यासाठी चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, वेल्डिंग करायचं होतं; रंगावर ते कसं धरणार? याच मोटारीवर तात्या ड्रायव्हर होते. त्या अपघातात मालकीणबाई गेल्या. डोळा लागला, असं तात्यांनी स्वतःच कबूल केलं आणि शिक्षा भोगली. सुटून आल्यावर मालकांनी दया येऊन गॅरेजला जागा दिली. सातापानं मात्र बापाच्या हाती पुन्हा कधी गाडीची किल्ली दिली नाही.

ग्राइंडर फिरला. रंगाखालून पुट्टी उडाली आणि पुट्टीखाली बोट शिरेल एवढी तड निघाली. तडीच्या दोन्ही कडांना वेल्डिंगचे जुने, उपटलेले टाके होते. म्हणजे चासी अपघाताआधीच फुटली होती. वरवर टाके मारून मालकांनी तीच गाडी रस्त्यावर काढली होती आणि अपघातात टाके उपटल्यावर तड पुट्टीनं झाकली होती.

“तात्या, तुमचा डोळा लागलाच नव्हता!”

तात्यांनी तडीवरून बोट फिरवलं. “न्हाई.”

“मग तुरुंगात का गेलासा?”

तात्यांनी एकवार गॅरेजच्या भिंतींकडं पाहिलं, वरच्या पत्र्याकडं पाहिलं.

“लेकरा, ही जागा काय फुकट मिळाली हुती व्हय?”