दारामागची तार

सूर्यकांतच्या कपाटात मुठीएवढी अकरा इंजिनं होती आणि त्याच्या बायकोच्या, मेघाच्या पाठीवर तारेचे सात वळ. त्याची छोटी रेसगाडी मैदानातल्या खांबाला तारेनं बांधलेली, गोल गोल सुसाट पळे. वापरलेली तार कधीही तुटते म्हणून दर शर्यतीला तो बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून नवी आणायचा. जुनी मेघासाठी दारामागे टांगायचा.

"काहून रडून राहिली? चल, तार बांध अन् घड्याळ धर," रविवारी तो मैदानावर खेकसला आणि गाडीच्या वाटेभोवतीच्या संरक्षक जाळीच्या आतच उभा राहिला.



नवव्या फेरीला दारामागची तार तुटली, गाडी सूर्यकांतच्या बरगड्यांत घुसली आणि मेघाने नेहमीप्रमाणे वहीत वेग लिहिला: ताशी एकशे ब्याऐंशी किलोमीटर.