संत ब्रिआंदांची खुर्ची

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दोघीच नन्स उरलो होतो, मदर एउलालिया आणि मी. तरी प्रार्थनेला आमच्या मध्ये संत ब्रिआंदांची खुर्ची असायचीच. चारशे वर्षांपूर्वी त्यांनीच हे कॉन्व्हेंट उभारलं. स्पेनमधल्या कास्तीलच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही त्या रिकाम्या खुर्चीची फळी उबदार लागे. राजे गेले, लढाया झाल्या, ऊब हटली नाही.

कॉन्व्हेंट बंद करायला बिशपांनी फादर एवारिस्तोंना पाठवलं. आल्या आल्या त्यांनी खुर्चीवर हात ठेवला आणि ते हसले.

"थंडगार आहे की हो, मदर! उगाच गावाला नादी लावलंत."

मीही हात लावून पाहिला. खरंच थंड. मी हात मागे घेतला. मदरनी मात्र मान ताठ केली.

"असणारच. पाहुणा आला की आमच्यात कुणी बसून राहत नाही, फादर. उठून सामोरं जायचं, त्याचा हात हातात घ्यायचा. रीत त्यांनीच घालून दिलीय."

"पुरे आता," म्हणत फादर दाराकडे वळले. त्यांचा उजवा हात मात्र मागेच, हवेत राहिला. त्यांनी तो ओढला. पुन्हा ओढला.

"बसा, फादर," मदर म्हणाल्या. "आमच्या संत ब्रिआंदा पाहुण्याला इतक्यात सोडत नाहीत."